नावासोबतचा टाका

कापशीच्या शेवंताक्का सातपुतेंना इंटरनेटवर चपलांचं दुकान काढायचं होतं. पण तिथलं ‘सातपुते चपला’ हे नाव, टिंबापुढच्या एका नव्या देशाच्या शेपटासकट, अशी नावं घेऊन चढ्या भावाने विकणाऱ्या यशोधनरावांनी आधीच घेऊन ठेवलं होतं.

“गुंतवणूक आहे, अक्का! आज दोन लाखांना देतो, वर्षाने दहा. नाव आता माझं,” अक्कांच्या दुकानात बसून ते म्हणाले.

सासऱ्यांचं नाव! पण अक्का शांतपणे म्हणाल्या, “बरं झालं, साहेब. ज्या चपलेवर हे नाव, तिचा अंगठा जन्मभर फुकट शिवायचा, असा आमचा शब्द आहे. आता तो तुम्ही पाळा.”

दारात तुटक्या चपला घेऊन उभे असलेले तिघे लगेच यशोधनरावांकडे वळले.

घेतल्या किमतीत अक्कांना नाव देऊन राव घाईने उठले, तोच त्यांच्याच चपलेचा अंगठा तुटला.

“आणा इकडं,” अक्का हसल्या. “नाव आता आमचं आहे.”