माळवंडीच्या देवळाला फाटक का नाही

या, भिंतीच्या सावलीला बसा. घंटेला अजून वेळ आहे. फाटक कुठंय म्हणून विचारलंत ना? फाटक नाही. ही बघा, चारी अंगांनी छातीएवढी काळ्या दगडाची भिंत, आणि पूर्वेला, वाटेच्या तोंडावर, बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा. शेळ्या शिरतात, कुत्री शिरतात. मागच्या नाताळात कुणाची तरी म्हैस थेट आत, पाळकांच्या खुर्चीपर्यंत जाऊन आली. तरी फाटक लावायचं नाही.

एकदा एक नवे पाळक आले होते, शहरातले, फार टापटिपीचे. त्यांनी हौसेनं लोखंडी फाटक करून आणलं. पुढच्या रविवारी मंडळीतली एकही म्हातारी आत गेली नाही, सगळ्या बाहेर उन्हात उभ्या. त्यांनी हात जोडून बोलावलं तर माझी सासू म्हणाली, "चालू द्या तुमची उपासना, आम्ही आहोत इथंच." तिसऱ्या रविवारी फाटक उतरलं. ते काय, देवळामागं पडलंय. मी त्यावर दोडक्याचा वेल चढवलाय.

आम्ही जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतो, त्याला हसू नका. माझं नाव मार्था उजागरे. ही हकिगत मला सासूनं सांगितली, तिला तिच्या सासूनं. कुठं लिहिलेली नाही. तेव्हा खरी किती आणि वाढलेली किती, ते देवाला ठाऊक. सांगतात तशी सांगते.

देऊळ नव्हतं तेव्हाची गोष्ट. इथं नुसता माळ होता आणि हा धोंडा, मोकळ्या जागेला लागून आहे ना, सपाट डोक्याचा, तो. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या तीन घरांनी तेव्हा बाप्तिस्मा घेतला म्हणे. गावच्या विहिरीवर आम्हाला तसंही कोण चढू देत होतं! ओढ्यातला एक झरा वस्तीचा होता. बाप्तिस्मा झाला तशी वस्तीनंही त्या तिघांना वाळीत टाकलं. झरा बंद, विस्तव बंद, बोलणं बंद.

आणि त्याच वर्षी पाऊस गेला. पुढच्या वर्षीही आला नाही. तो मोठा दुष्काळ. झाडाचा पाला उकडून खाल्ला लोकांनी, असं सांगतात. तीनातली दोन घरं मरीआईपुढं नारळ ठेवून वस्तीत परत गेली. मी त्यांना नावं ठेवत नाही बरं का. पोट कुणाला सुटलंय? उरलं एक घर. त्यात याकोब, म्हणजे आधीचा भिवा, त्याची बायको राही आणि चार वर्षांची पोर. पोरीचं नाव ठेवलं होतं एस्तेर. वस्तीच्या जिभेला ते वळेना, म्हणून सगळे म्हणायचे इस्तू. इस्तू म्हणजे विस्तव. पोरही तशीच होती म्हणे, घडीभर एका जागी ठरायची नाही.

सरकारनं चार दिवसांच्या वाटेवर तलावाचं काम काढलं होतं. याकोब तिकडं दगड वाहायला गेला. "पेरणीला येतो," एवढंच म्हणाला. त्याच आठवड्यात उपदेशक हरिबा मास्तरही निघाले, पलीकडच्या गावांत माणसं जास्त मरत होती म्हणून. जाताना राही त्यांना म्हणाली, "मास्तर, मला वाचता येत नाही. तोंडात धरायला एक वचन देऊन जा." मास्तरांनी छत्री बगलेत धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "राही, देवाची वाट पाहा. धीर सोडू नकोस."

आता तुम्ही म्हणाल, वाट पाहणं म्हणजे काय, हे मराठी बाईला कुणी सांगायला हवं होय? अहो, ठाऊक होतं तिला. नवऱ्याची वाट पाहतच होती. पण हे पडलं शास्त्राचं वचन. शास्त्रात पाण्यात उतर म्हटलं तर उतरायचं, भाकर मोड म्हटलं तर मोडायची. मग वाट पाहा म्हटलं तर पाहायची. तिनं ते जसंच्या तसं धरलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर ती पोरीला कडेवर घेऊन या धोंड्यावर उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून, आणि वाट पाहिली. ते वळण दिसतंय का, चिंचेपाशी? तिथपर्यंत. ऊन चढेतो. मग खाली उतरून तिनं खराट्यानं वाट झाडली. रोज झाडायची. येणारा देव आहे, वाटेत काटाकुटा असू नये.

तिची जाऊ होती भागाई. वाळीत टाकलेल्या घरी भाकर द्यायची नाही असा नवऱ्याचा हुकूम, तरी पदराखाली आणायची आणि वर बोलायचीही. "अगं खुळे, तुझा देव काय आंधळाय का, त्याला वाट झाडून लागते?" राही म्हणायची, "त्याला नसेल लागत आक्का, मला लागते."

पण पदराखालच्या भाकरीनं किती दिवस निघणार? पोरीच्या हाताच्या काड्या झाल्या. तेव्हा भागाईचा नवरा कोंडिबा, तो वस्तीचा पुढारी आणि राहीचा थोरला दीर, येऊन उभा राहिला. म्हणाला, "नारळ ठेव, चुकले म्हण. आज म्हण, आज भाकर."

काही जण छाती काढून सांगतात, राही तसूभर डगमगली नाही. मला नाही पटत. आई होती ती. माझी सासू सांगायची ते मला खरं वाटतं. राही इस्तूला घेऊन कोंडिबाच्या दारापर्यंत गेली, उंबऱ्याबाहेर थांबली, पोरीला खाली ठेवलं आणि म्हणाली, "भावजी, हिला घ्या. तिचं काही चुकलेलं नाही. मला नको." पोरीनं लुगडं धरलं होतं. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली, आणि ती राहीनंच सोडवली.

परत येऊन ती धोंड्यावर उभी राहिली. आता कडेवर कुणी नव्हतं. देवा, तू ये, तिचा बाप येऊ दे, मग आम्ही तिला घरी आणू, एवढंच तिचं मागणं होतं.

भागाईनं पोरीला पोटच्यासारखं पाहिलं. मडक्यात दाणा होता, जवळ झरा होता. पण वस्तीत पटकीची साथ शिरली आणि आठव्या दिवशी इस्तू गेली. भागाईनं स्वतः तिला फडक्यात गुंडाळून इथं आणलं. रडत होती ती भागाईच. राहीच्या डोळ्यांत टिपूस नाही. तिनं धोंड्यामागं हातांनी माती उकरली, पोरीला ठेवलं, आणि मग बसली ती वाटेकडं पाठ करून.

"मी पाहिलं," ती म्हणाली म्हणे, मोठ्यानं, कुणाला म्हणून नाही. "रोज पाहिलं. तू कुठं होतास?"

बाई बोलली ती. पाळक मंडळी हा भाग सांगत नाहीत, मी सांगते. तीन दिवस ती पाठ करून बसली. वाट पाहिली नाही, झाडली नाही, तोंडातलं वचन उच्चारलं नाही. वाऱ्यानं वाटेवर पाचोळा साचला.

चौथ्या दिवशी सकाळी भागाई भाकर घेऊन आली आणि म्हणाली, "राही, चिंचेवर गिधाडं घिरट्या घालताहेत गं."

राही उठली ती अनवाणी पळत सुटली. वळणावर, चिंचेच्या मुळाशी, एक माणूस पालथा पडला होता. अंगावर घोंगडी, याकोबची होती तशीच, काळी, पांढऱ्या काठाची. हात पुढं, आपल्या या धोंड्याच्या दिशेनं. तिनं त्याला उताणा केला.

याकोब नव्हता. कुणी परकाच होता.

राहीच्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं."

आणि मग ती तिथंच बसली. तीन दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं. तिनं त्याच्या तोंडावरची माती पदरानं पुसली आणि म्हणाली, "आक्का, हाही कुणाचा तरी याकोब आहे. कुठंतरी याचीही बायको उभी असेल. मी म्हटलं बरं झालं!"

माणूस मरून फार तर एक दिवस झाला होता. वळणावरून धोंडा दिसतो आणि धोंड्यावरून वळण दिसतं. ती काल इथं उभी असती तर तो पडताना तिला दिसला असता. हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

कोंडिबा कुदळ घेऊन आला. त्यानं इस्तूशेजारी खड्डा खणला आणि त्या अनोळख्याला दोघांनी मिळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धोंड्याजवळ झऱ्याच्या पाण्यानं भरलेली घागर होती. बंदी मोडली असं कोंडिबानं तोंडानं कधी म्हटलं नाही. घागर मात्र दुष्काळ सरेपर्यंत रोज भरलेली असायची.

त्यानंतर राहीनं एक दिवस चुकवला नाही. तलावाच्या कामावरून, कुठल्या कुठल्या गावांहून माणसं या वाटेनं निघालेली असत. वळणावर कुणी झोकांडलं की ती घागर घेऊन पळायची. किती जण उचलले म्हणता? कुणी चाळीस सांगतं, कुणी शंभर. आपल्याकडं गोष्ट वाढतेच. काही जगले. जगले नाहीत ते इथंच धोंड्यामागं आहेत, अकरा दगड, मोजून घ्या. प्रत्येकाला ती पाणी पाजायची आणि विचारायची, "तलावावर याकोब दिसला का हो? उंचेला, डाव्या भुवईवर वण?" कुणाला दिसला नव्हता.

पुढच्या साली पाऊस झाला. पेरणी झाली. याकोब आला नाही.

हरिबा मास्तर आले. वाळून कोळ झालेले, छत्री कुठं गेली कुणास ठाऊक. येऊन पाहतात तो राही वाट झाडतेय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शिकलेला माणूस, राहवलं नाही त्यांना. म्हणाले, "राही, वचनाचा अर्थ तसा नव्हता गं. वाट पाहा म्हणजे मनात भरवसा धर, थांबून राहा. रस्त्याकडं डोळे लावून उभी राहा, असं नव्हे."

राहीच्या हातातला खराटा थांबला. "म्हणजे माझं चुकलं का, मास्तर?"

मास्तर धोंड्यामागं गेले, मातीच्या त्या ओळीशी बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, धोंड्यावर चढले आणि डोळ्यांवर हात धरून तिच्या शेजारी वाट पाहायला लागले. पुढं देऊळ बांधलं ते मास्तरांनीच. भिंत घालताना गवंड्याला सांगितलं, ही जागा मोकळी सोड.

कोंडिबाचं घर यथावकाश मंडळीत आलं. भागाई मात्र शेवटपर्यंत मरीआईचीच राहिली, आणि धोंड्याभोवती दर आठवड्याला सारवायची तीच. दोघी म्हाताऱ्या झाल्या. राहीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, समोरचा माणूस दिसेना, तरी सकाळी काठी टेकत यायचीच. भागाईची एक नात होती, चंपा. ती एकदा म्हणाली, "आजी, तुला दिसत तर नाही. मग रोज काय पाहतेस?"

राही म्हणाली, "मला नाही दिसत गं बाई. पण येणाऱ्याला मी दिसले पाहिजे ना?"

ही चंपा म्हणजे माझ्या सासूची सासू. तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे, तेव्हा एवढं तरी खरं धरा. त्याच वर्षी एका सकाळी राही धोंड्याला टेकून बसलेली सापडली. गेलेली होती. तोंड वाटेकडं होतं. याकोबचं शेवटपर्यंत काही कळलं नाही. कुठं पडला, कुणी माती दिली, दिली की नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं, खोटं कशाला बोलू? वाटतं, देवानं तेवढं तरी करायला हवं होतं. ते मी त्याला वर गेल्यावर विचारणार आहे.

आजही रविवारी पहिली घंटा झाली की मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई या मोकळ्या जागेत येऊन धोंड्यापाशी उभी राहते. डोळ्यांवर हात धरते. आत सगळे गप्प बसलेले असतात, लेकरंसुद्धा. ती परत जाते तेव्हा पाळक विचारतात, "कोणी येतंय का?" ती म्हणते, "वाट दिसते." मग सगळी मंडळी म्हणते, "पाहू." त्यानंतरच पहिलं गीत. आणि दर शनिवारी खराटा फिरतो, चिंचेपर्यंत. पाळी लावलेली आहे, कुणी चुकवली की मी घरी जाऊन बोलते.

सात वर्षं झाली, उभं राहायचं काम माझ्याकडं आहे. नाही हो, मलाही काही दिसत नाही. उजवा डोळा गेला, डाव्यात नुसतं धुकं. वळण दिसतंय का म्हणून विचारलं ते तुम्हाला, मला नव्हे.

पण मला एक सांगा. मघाशी त्या वळणावर तुमची गाडी थांबली होती ना? मी घंटेआधीच येऊन धोंड्यापाशी उभी होते, आवाज बंद झालेला ऐकला. वाट चुकली म्हणून परत फिरणार होतात. मग इकडं कशा वळलात?

म्हातारी उभी दिसली म्हणून. हो ना?

चला, घंटा झाली. धरा जरा हात माझा, धोंड्यापर्यंत.