राजकन्येची तुटकी भुवई

फार जुनी गोष्ट, बाळांनो. इतकी जुनी, की त्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्याच्या पदरी एक चितारी होता. खारीच्या शेपटीचे कुंचले, शिंपल्यांत घोटलेले रंग, सोन्याचा वर्ख, काय नव्हतं त्याच्यापाशी? राजकन्येच्या दर वाढदिवशी तो तिचं चित्र काढी. पोर घटकाभर समोर बसे. मग आठ दिवस हा दार लावून चित्र सुधारत बसे. डाग पुसी, नाक सरळ करी, रंग उजळी. राजा खूश, दरबार खूश.

सातव्या वर्षी राजकन्या जत्रेत हरवली. जत्रेच्या पलीकडे रान, आणि रानात लांडगे. राजानं चित्र देऊन घोडेस्वार धाडले. तीन दिवसांनी ते खाली मान घालून परतले. बारा गावं पालथी घातली म्हणाले, पण अशी मुलगी कुठंच नाही.

राजा चिताऱ्याला हळूच म्हणाला, “दुसरं काढ. दिवस मावळायच्या आत.”

चितारी बसला. तलवारीचं भय होतंच. पण डोळे मिटले की त्याला आपलीच चित्रं दिसत. पोरीचा चेहरा काही केल्या आठवेना. ऊन भिंतीवर चढत चाललं, तसं त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

ओसरी सारवणाऱ्या म्हातारीला त्यानं विचारलं, ती दिसते तरी कशी?

म्हातारी थांबली. “अरं लेकरा, झोपाळ्यावरनं पडली, तवापासनं डावी भुवई मधीच तुटलीया. खालचा ओठ सारखा चावती. तुला दिसलं न्हाई व्हय?”

“दिसलं होतं,” चितारी म्हणाला. “म्हणून तर पुसलं.”

म्हातारीनं चुलीतला कोळसा घेतला आणि खापरावर चार रेघा ओढल्या. स्वार ते घेऊन सुटले.

दुसऱ्या दिवशी पोर सापडली, त्याच बारा गावांतल्या एका धनगराच्या पालात. तापानं फणफणलेली. बापाला बिलगून म्हणाली, “हे स्वार आधीही आले होते. मी सांगितलं, मीच राजाची लेक. तर यांनी चित्र दाखवलं आणि हसले.”

राजानं शिक्षा केली नाही. चिताऱ्यानं आपणहून कुंचले बांधून ठेवले, आणि पोर बरी होईस्तोवर तिच्या उशाशी नुसता बघत बसला.

म्हणून सांगतो, माणूस डोळे भरून पाहिला नसेल, तर सोन्याच्या कुंचल्यालाही तो सापडत नाही.