भिवसनची म्हैस आणि कडब्याचं यंत्र

एका गावात भिवसन नावाचा एक भोळा गडी होता. त्याचा जीव दोघींवर. एक बायको कौसाबाई, दुसरी म्हैस मोरणी. आधी कोण, हे विचारू नये.

मोरणी कडब्याचा पाला खायची आणि धांडे तुडवायची. निम्मा कडबा वाया. म्हणून कौसाबाईनं कोंबड्या विकून कडब्याचे बारीक तुकडे करणारं, हातानं फिरवायचं स्वस्तातलं कुट्टी यंत्र आणलं.

"आवं, म्हशीपुढं लांबलचक काही ठेवायचं न्हाई. समदं बोटभर कापायचं."

"बरं," भिवसन म्हणाला. त्यानं कडबा कापला. मग बघतो तर म्हशीपुढं लांबलचक दावं! तेही बोटभर कापलं. मोरणी थेट पाटलाच्या उसात.

कौसाबाईनं कपाळावर हात मारला. "दावं कापत्यात व्हय? गोठ्यात काही मोकळं दिसलं, की खुंट्याला बांधायचं!"

"बरं." सकाळी यंत्राचं चाक मोकळं दिसलं. त्यानं ते खुंट्याला आवळून बांधलं आणि दिवसभर ते फिरवायला झटत बसला. घाम निघाला, कुट्टी निघाली नाही. म्हैस उपाशी.

"यंत्र बांधायचं नसतं वो! करकर वाजलं, की तेल घालायचं."

"बरं." संध्याकाळी मोरणी कुट्टी खायला लागली. करकर, करकर. भिवसननं बुधलाभर करडईचं तेल तिच्या घशात ओतलं. पुढं गोठ्यात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. दूध मात्र पार आटलं.

आता कौसाबाईचा तोल गेला. "कडबा खाऊन थेंबभर दूध देत न्हाई, असलं काही घरात नगं! उद्या बाजारात विकून या!" आणि ती तणतणत माहेरी गेली.

भिवसन मोरणीच्या गळ्यात पडून रडला. सकाळी जड हातानं शेवटची धार काढायला बसला. वाटीभर दूध निघालं! त्याचा चेहरा उजळला. म्हणजे ही नव्हेच! मग कडबा खाऊन थेंबभर दूध न देणारं घरात आहे तरी कोण? त्यानं गोठाभर नजर फिरवली. आणि त्याला चोर सापडला.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई परतली. मोरणी जागेवर होती. यंत्र नव्हतं. यंत्राच्या जागी लांबलचक कडब्याची गंजी उभी होती.

"आवं, यंत्र कुठाय?"

"विकलं. आलेल्या पैशाचा कडबा घेतला," भिवसन छाती फुगवून म्हणाला. "तू म्हणलीस तेच खरं, कौसे. रोज भाराभर कडबा गिळायचं बेणं, पण कधी थेंबभर दूध दिलं न्हाई बघ!"