विसाव्याची अर्धी जागा

अहो पाहुणे, त्या दगडावर नका टेकू! तो विसाव्याचा आहे. स्मशानाकडं जाताना तिरडी इथं खाली ठेवतात, खांदेकरी खांदे बदलतात. दगड चांगला ऐसपैस, पण आमच्या वाडीत तिरडी त्याच्या अर्ध्या भागावरच टेकवतात. का, ते सांगतो.

रंगराव आमच्या वाडीचे. पुढं दिल्लीत त्यांनी देशाचा कारभार हाकला. लहानपणी ते आणि त्यांची थोरली बहीण ठकूआक्का रानातून मोळ्या घेऊन यायची, दोघं इथंच टेकायची म्हणे. विसाव्यावर कुणी बसतं का? लोक ओरडायचे, पण ऐकतील तर शपथ! दिल्लीला निघताना रंगराव म्हणाले, "आक्का, तिकडचं काम सरलं की इथंच येऊन टेकतो."

काम कुठलं सरायला! पद गेलं तरी माणसं सोडेनात. मग आजारपण आलं, आणि दिल्लीतच ते गेले.

सरकारी इतमामात अंत्ययात्रा निघाली. चावडीपुढं रेडिओ लावलेला, अख्खी वाडी रडत ऐकत होती. तिरंगा, तोफगाडा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसंच माणसं. ठकूआक्का मात्र पुन्हापुन्हा एकच विचारायची, "विसाव्याला कुठं ठेवलं रं त्याला?"

मास्तर म्हणाले, "तोफगाडा मध्ये थांबत नाही, आक्का."

"अगं बाई! म्हंजे माझ्या रंगाला कुणी टेकूच दिलं नाही?"

ती तशीच उठली. दगडाच्या अर्ध्या भागावर घोंगडी अंथरली आणि उरलेल्या जागेत बसली. तिकडं सलामी झाली, अग्नी दिला, तरी हलेना. दिवस कलल्यावर माणसं तिला न्यायला आली. घोंगडीवर सुरकुतीसुद्धा नव्हती, असं सांगतात.

"लांबचा रस्ता आहे, येईल," आक्का म्हणाली. "तेवढी त्याची जागा मोडू नका रं."

मरेपर्यंत ती रोज इथं येऊन बसायची. ती गेली तेव्हा तिची तिरडी तिच्याच अर्ध्यावर टेकवली. तेव्हापासून हा रिवाज पडला.

आजही कुणी गेलं की आम्ही शेजारी घोंगडी अंथरतो, वाटेकडं तोंड करून म्हणतो, "रंगराव, या, टेका." जरा थांबतो, मग पुढं निघतो. घोंगडी उचलायचं काम माझ्याकडं आहे. खरं सांगू? घडी घालण्याआधी मी तिच्यावरून हात फिरवतो. ऊब लागते का, बघतो.