कणकेची गोळी

एकदा एका कापडाच्या व्यापाऱ्याने दिवाणखान्यात समुद्र आणून ठेवला. म्हणजे काय, तर सहा फुटी काचेची पेटी, तिच्यात खारं पाणी, रंगीत मासे आणि जिवंत पोवळी. देखभालीला चाळिशीचा एक माणूस ठेवला. त्याने बोटाच्या पेराएवढं एक पोवळं आणून तीन वर्षांत तळहाताएवढं वाढवलं होतं. पुढे-मागे कोणी नसलेला माणूस. त्याचा सगळा जीव त्या पोवळ्यात.

मग शेवाळ आलं. हिरवं, केसांसारखं. तो रोज ब्रशने घासायचा, ते रोज उगवायचं. महिनाभरात त्याचे खांदे भरून आले आणि पोवळ्याची एक कड पांढरी पडली. व्यापारी म्हणाला, "पुढच्या पौर्णिमेपर्यंत वाट बघतो. नाहीतर पेटी रिकामी करून प्लास्टिकची झाडं लावतो. ती तरी मरत नाहीत."

थकून तो देखभालीचा माणूस आपल्या गुरूकडे गेला. गुरू म्हणजे उभा जन्म मासे पाळण्यात घालवलेला तिरसट म्हातारा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हातारा आला. पेटीकडे एकदा पाहिलं, शिष्याच्या हातातला ब्रश काढून घेतला, तो बुडाखाली ठेवला आणि स्टुलावर बसून राहिला.

थोड्या वेळाने व्यापाऱ्याची आई कणकेची गोळी घेऊन आली. माशांना घालण्याचं पुण्य पदरी पडल्याशिवाय ती चहा घेत नसे. म्हाताऱ्याने तळहात पुढे केला. "मला द्या, बाई." आणि कच्ची गोळी तोंडात टाकली.

"अहो, ती माशांची."

"ठाऊक आहे. त्यांची कालचीच खाली पडलीय."

दुपारी व्यापारी डब्यातलं चिमूटभर खाद्य टाकायला आला. मग सून आली, मग दोन पाहुणे. म्हातारा प्रत्येकापुढे हात पसरून खात होता. खाद्याला सुकटीचा वास. खाताना त्याला ठसका लागत होता. शिष्याला मान वर करवेना.

संध्याकाळी दिवाणखाना रिकामा झाला. दिवसभराचे उपाशी मासे पाहून शिष्याला कळवळा आला. त्याने डबा उघडला, तर त्याच्यासमोरही तोच तळहात.

"गुरुजी, मी रोज एकच चिमूट टाकतो. घासताना बिचकतात बिचारे, म्हणून."

"सगळे एकच टाकतात," म्हातारा म्हणाला. "आज पोटात काय काय गेलं ते मला विचार. माशाचं पोट मुगाएवढं. उरतं ते तळाशी कुजतं आणि त्यावर शेवाळ पोसतं. तू ते घासून त्याच पाण्यात सोडतोस, तेही कुजतं. महिनाभर भांडलास त्याच्याशी, आणि रोज जेवूही घातलंस. आता हाताने उपट, बाहेर टाक. आठवड्याला थोडं पाणी बदल. खाणं दिवसाआड, तळाला जायच्या आत संपेल तेवढंच. हे सोपं आहे. माया आली की हात आखडायचा, ते अवघड. माझा जन्म गेला, अजून नीट जमत नाही."

पौर्णिमेपर्यंत शेवाळ गेलं नाही, विरळ झालं. प्लास्टिकच्या झाडांचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. पोवळ्याची पांढरी कड मेली ती मेलीच. उरलेलं हळूहळू उमलू लागलं.

एका सकाळी व्यापाऱ्याची आई गोळी घेऊन आली. सांगून सवय मोडायचं तिचं वय नव्हतं. शिष्याने तळहात पुढे केला. कच्ची कणीक घशाला चिकटली. त्याने ती गिळली.