पाझरतं मडकं

झाडं, भांडी, पाण्याचे पाटसुद्धा बोलायचे, त्या काळची गोष्ट. सुंदराक्काचं पाण्याचं मडकं फार पाझरायला लागलं. "फेकायचं कशाला?" म्हणत तिने ते लिंबोणीच्या रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलं. रोज तांदळाचं धुवण ती त्यात ओती. मडक्याला वाटलं, आपल्याला जिवंतपणीच माती दिली.

विहिरीवरून येणारा पाट हसला, "गळक्या, तुझ्या थेंबांनी झाड जगतं होय? मला बघ, सगळं अंगण भिजवतो!"

मडकं ओशाळलं.

वैशाखात विहीर आटली. रांधण्यापुरतं पाणी सुंदराक्का लांबून आणी. पाटाला भेगा पडल्या, झेंडू जळाले. आता लिंबोणीही जाणार, म्हणून मडकं झुरायला लागलं. "पोरी, माफ कर. तांब्याभर धुवणसुद्धा माझ्यात संध्याकाळपर्यंत ठरत नाही गं."

"गप रे मामा!" लिंबोणी खेकसली. "मग मी इतके दिवस काय वारा पिते?"

एका सकाळी सुंदराक्का आतला गाळ काढायला मडकं वर काढू गेली, तर ते हलेना. तिने हाताने माती उकरली आणि उकिडवी बसली ती बसलीच. केसासारख्या पांढऱ्या मुळांनी मडक्याला चहूबाजूंनी मिठी मारली होती, तान्ह्याने आईला धरावं तशी. तिने अलगद माती परत लोटली आणि वर पाहिलं. जळक्या अंगणात लिंबोणीला पहिलं फूल आलं होतं.