पाहुण्याची जागा

"...मग हे चित्र खरवडायचं की ठेवायचं, सर? तुम्ही एकदा तोंडानं..."

आणि घंटा झाली.

शर्वाणीचं वाक्य तसंच लोंबकळत राहिलं. इटलीतल्या डोंगरावरचा तो मठ. तिथे भोजनाची घंटा झाली की ताटं उचलेपर्यंत पोथी वाचणारा सोडून कोणी अवाक्षर काढायचं नाही, अशी जुनी रीत. ती मोडायची तिची छाती झाली नाही.

म्हातारे ब्रदर एलिओ नुसते हसले. एके काळी ते विद्यापीठात रेनेसान्सची कविता आणि चित्रकला शिकवायचे. शर्वाणी देवस्थळी त्यांची लाडकी विद्यार्थिनी. पुढे ते सगळं सोडून इथे साधू झाले, आणि ती पंडिता झाली. तरी तिच्या तोंडून अजून 'सर'च निघायचं.

आणि पंडिता तरी कशी, विचारू नका. भोजनगृहाच्या भिंतीवर येशू आणि त्याचे शिष्य जेवायला बसलेत, असं एक जुनं चित्र होतं. ते तिनं पार पिंजून काढलं. रोज सकाळी टेबलं-बाकं बाहेर काढायला लावायची, उंच शिडीवर चढायचं, चित्राच्या नाकाला नाक लावून मोजमापं घ्यायची. दुपारी साधू बिचारे मुकाट्यानं टेबलं परत आत आणून मांडायचे.

एवढा खटाटोप करून निष्कर्ष निघाला की चितारी कच्चा. चित्रातलं टेबल इतकं उतरतं की पाव घरंगळून खाली यावेत. एका शिष्यानं पाव धरलेला हात पुढे केलाय, तो भलताच लांब. आणि देतोय कोणाला? कोणालाच नाही, तिकडे कोपऱ्याकडे कुठेतरी. खाली कवितेची एक ओळ रंगवलेली: 'उशीर झाला, तरी बस.' ही ओळ कुठल्या दरबारी कवीकडून उसनी घेतली, यावर बाईंनी अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

या चित्राखाली आणखी जुनं, आणखी मोठ्या चिताऱ्याचं चित्र दडलंय, असा जाणकारांचा संशय होता. शर्वाणीनं हूं म्हटलं की वरचं खरवडायचं. कारागीर अंगणात छिन्न्या घेऊन बसलेच होते. एकदा खरवडलं की गेलं ते गेलंच. म्हणून तर तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, म्हणून तर सरांचा होकार हवा होता. आणि सर रोज काय विचारायचे, तर "जेवायला येतेस?" ही म्हणायची, भूक नाही. मग खोलीवर बिस्किटं खात कागद उपसत बसायची.

आज मात्र अर्धाच प्रश्न विचारून ती उभी होती.

एलिओंनी कोपऱ्यातल्या ठेंगण्या बाकाकडे हात केला. ती पाहुण्याची जागा. एरवी रिकामीच असायची.

ती बसली. काय करणार...

एक साधू संथ सुरात पोथी वाचू लागला. सूपाची वाफ तोंडावर येत होती. खिडकीतून ऊन उतरलं होतं, ते दुधावरच्या सायीसारखं भिंतीवर पसरलं. किती रात्रींची झोप राहिलेली. तो सूर, ती वाफ, ते ऊन... शर्वाणीच्या पापण्या जड झाल्या. पेंगता पेंगता तिनं मान वर केली.

टेबल उतरत नव्हतं.

त्या ठेंगण्या बाकावरून बघताना भिंतीतलं टेबल सरळ पुढे येऊन तिच्या टेबलाला लागलं होतं. एकच पंगत. पलीकडे येशू आणि शिष्य बसलेले, अलीकडे हे साधू, आणि शेवटी ती. हात लांब नव्हता. जेवढा हवा तेवढाच होता. पाव तिच्यासमोर धरला होता.

स्वप्नात आहोत असंच तिला वाटलं. स्वप्नात माणूस लाजत नाही. तिनं हात पुढे केला...

तळव्यात खरोखरच पाव आला. ऊन ऊन.

शेजारी एलिओ दुसरा पाव मोडत होते. तिच्याकडे बघतही नव्हते.

तिला रडू आलं. आवाज करायची सोय नव्हती, म्हणून ती नुसती रडत राहिली. आणि मग भूक लागली, अशी सपाटून की काही विचारायची सोय नाही. दोनदा सूप मागून घेतलं तिनं, तेही खुणेनं.

ताटं उचलली गेली. ती तशीच उठून अंगणात गेली आणि कारागिरांना म्हणाली, छिन्न्या गुंडाळा आणि घरी जा, त्या भिंतीला कोणी हात लावायचा नाही. ते एकमेकांची तोंडं बघत निघून गेले.

परत आली तेव्हा एलिओ टेबलावरचे पावाचे कण तळहातानं गोळा करत होते. शर्वाणी समोर उभी राहिली. तिला रागही आला होता.

"सर, तुम्हाला सगळं माहीत होतं. आज घंटा जरा उशिरा झाली असती तर मी खरवडायला हो म्हणून बसले असते. चित्र गेलं असतं. एका शब्दानं का नाही सांगितलंत?"

एलिओंनी ते कण खिडकीत चिमण्यांसाठी ठेवले. हात झटकले.

"रोज तर सांगत होतो. तू म्हणायचीस, भूक नाही."